हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आम्हा पेन्शनरांची एक वारी सुरू होते. ही वारी पंढरीची नव्हे, बँकेची. "सदर व्यक्ती आज रोजी हयात आहे" असा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तरच डिसेंबरपासूनची पेन्शन विनाखंड खात्यावर पडते. आता मोबाईलवरही हे काम होते म्हणतात. पण माझा चेहरा त्या यंत्राला पटत नाही आणि अंगठ्याच्या रेषा खडू धरून धरून झिजल्या की काय कोण जाणे, त्याही उमटत नाहीत. तेव्हा मी आपला सरळ बँकेत जातो, फॉर्म भरतो, साहेबांसमोर उभा राहतो आणि जिवंत असल्याची खात्री पटवून घरी येतो. तेवढीच जुन्या मंडळींची गाठभेट होते.

यंदा रांगेत उभा असताना मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. हात कसला, फळीच ती! वळून पाहिले तर साठीचा एक दणकट गृहस्थ. डोक्याला पटका, पाय किंचित ओढत चालणारा. ओळख पटली ती कानांवरून. कुस्ती खेळलेल्या माणसाचे कान लपत नाहीत. मातीत घासून घासून ते फुटलेले असतात, कोबीच्या गड्ड्यासारखे दिसतात.

"वळखलं का सर? नववी ब. शेवटचा बाक."

ओळखले. नाव इथे देत नाही, त्याला ते आवडणार नाही. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी तो बँकेत आला होता. माझ्या हातातला कागद पाहून त्याने विचारले, "ह्यो कसला फॉर्म?"

"हयातीचा दाखला," मी म्हणालो. "मी जिवंत आहे असे लिहून द्यायचे, म्हणजे पेन्शन चालू राहते."

तो मोकळेपणाने हसला. म्हणाला, "हे बरं हाय की सर! नुसतं जित्तं हाय म्हनून सांगायचं आन् पैसं घ्यायचं. म्या तर तीस वरसं आखाड्याबाहेर जित्ता हाय. मला कुनी इचारलं बी न्हाई."

त्याने ते चेष्टेने म्हटले होते. रांगेतले दोघे-तिघेही हसले. मला मात्र हसता आले नाही. त्याचे कारण पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे आहे.

मंडळी, १९७९-८० चे साल असावे. मी कराडजवळच्या एका गावात इतिहास शिकवत होतो. हा मुलगा नववीत. अभ्यासात यथातथाच, पण अंगाने पाषाण. जत्रेच्या फडात मोठ्या मोठ्यांना चीत करायचा. एक दिवस त्याचे वडील शाळेत आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, पोरगं कोल्हापूरला तालमीत जातो म्हनतंय. धाडू का? तुमी सांगाल तसं."

आणि गुरुजींनी काय सांगितले? गुरुजींनी खाशाबांची गोष्ट सांगितली.

आमच्या भागात ही गोष्ट ठाऊक नाही असा माणूस मिळणार नाही. खाशाबा दादासाहेब जाधव, कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. कराडच्या टिळक हायस्कूलात शिकले, कुस्ती घरातच होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. तोवर मातीत खेळलेला हा गडी तिथे प्रथमच गादीवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पुन्हा पैशाचा प्रश्न. लोकांनी वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, लिअँडर पेसच्या रूपाने. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली!

पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, गुलाल. एरवी पंधरा मिनिटांची वाट, तिला कित्येक तास लागले असे जुनी माणसे सांगत. आणि मग खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली होती. त्या दिवशी त्या बापालाही सांगितली. बैलगाड्यांपाशी आलो की माझा आवाज चढत असे. "जाऊ द्या पोराला," मी म्हणालो. "ही माती खाशाबांची आहे."

मुलगा कोल्हापूरला गेला.

माझी चूक एवढीच की, मी गोष्ट बैलगाड्यांपाशी थांबवत होतो. इतिहासाच्या शिक्षकाने असे करू नये. लढाई जिंकली की धडा संपत नाही. त्यानंतर त्या सैनिकांचे काय झाले हेही विचारावे लागते.

तर खाशाबांचे पुढे काय झाले? १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. खात्यातल्या स्पर्धा जिंकल्या, पोरांना शिकवले. सत्तावीस वर्षे नोकरी करून असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हक्काच्या पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या वेळी मशाल हातात घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला, पण रोजच्या मिठामिरचीची विवंचना मशालीने मिटत नाही. शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

यात एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. खाशाबा ज्या पेन्शनसाठी झगडले ती पोलिसाची पेन्शन होती. ऑलिंपिक पदकाची पेन्शन नव्हेच. तशी काही वस्तूच तेव्हा अस्तित्वात नव्हती. केंद्र सरकारने गुणवंत खेळाडूंना मासिक पेन्शन देण्याची योजना काढली ती १९९४ साली, म्हणजे खाशाबांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. स्वतंत्र देशाला पहिले वैयक्तिक पदक देणाऱ्या माणसाला त्या योजनेचा एक रुपयाही मिळाला नाही. २०१८ साली तिचे दर दुप्पट झाले आणि ऑलिंपिक पदकविजेत्याला महिना वीस हजार रुपये ठरले. आयुर्विमा महामंडळामार्फत ते आजन्म मिळतात.

मग १९९४ च्या आधी खेळाडू म्हातारा झाल्यावर काय खात होता? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की, हा इतिहास तीन शब्दांत सांगता येतो. खुराक, नोकरी आणि बिदागी.

आधी खुराक. शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीची पंढरी केली. खासबागेचे मैदान १९१२ साली बांधून झाले. रोमचे जुने क्रीडागार पाहून महाराजांच्या मनात ते आले असे सांगतात. मैदान इतके अजोड की शेवटच्या माणसालाही हौद्यातली कुस्ती दिसावी. महाराजांनी गावोगावचे मल्ल हेरून आणले, तालमी उभ्या केल्या, दूध-तूप-बदामाचा खर्च दरबारातून केला. राजाश्रयात म्हातारपणाची वेगळी तजवीज नसे. धनी मायाळू असेल तर वयस्क मल्ल तालमीत वस्ताद म्हणून राही, दोन घास खाई. त्याचा कुठे करार नव्हता, कागद नव्हता. धन्याची मर्जी हाच कागद!

क्रिकेटचेही वेगळे नव्हते. पुण्यात पळवणकर बाळू हा पोरगा मैदान झाडायला आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायला होता, पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास तो पूना क्लबात गेला तेव्हा चार झाले. तिथे तो सरावात साहेबांना तासन् तास गोलंदाजी करी. हाच बाळू पुढे देशातला थोर फिरकी गोलंदाज झाला. पण चांभाराचा मुलगा म्हणून खेळाच्या मधल्या सुटीत त्याला चहा वेगळ्या भांड्यात मिळे. सी. के. नायडूंना होळकरांनी १९२३ साली आपल्या फौजेत घेतले. आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे देवासच्या विक्रमसिंह महाराजांच्या पदरी होते. महाराजांनी त्यांच्यासाठी क्लॅरी ग्रिमेट हा ऑस्ट्रेलियन गोलंदाज शिकवायला आणला. हेच विक्रमसिंह १९४७ साली कोल्हापूरला दत्तक गेले, शहाजी महाराज झाले, आणि वर्षभरात खाशाबांना लंडनला पाठवायला कोल्हापूरच्या गादीने हात दिला. म्हणजे हजाऱ्यांची बॅट आणि खाशाबांचा लंगोट यांच्या पाठीशी काही काळ एकच हात होता!

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले. लोकशाही आली हे चांगलेच झाले, मी काही राजेशाहीचे गोडवे गात नाही. पण खुराक देणारा हात गेला आणि त्याच्या जागी दुसरा लगेच आला नाही. खाशाबांचे हेलसिंकी नेमके या पोकळीत पडले. म्हणून एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले.

दुसरा शब्द नोकरी. ही पोकळी हळूहळू रेल्वे, पोलीस, सैन्यदल, बँका आणि गिरण्या-कंपन्यांनी भरली. अजित वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये. मुंबईत टाइम्स शील्डच्या सामन्यांत ऑफिसांचे संघ एकमेकांशी खेळत, त्यात कसोटीपटू असत. कबड्डीतही तेच. आमच्या पिढीला हे इतके सवयीचे होते की, "अमका चांगला खेळतो" या वाक्यानंतर "मग लागला का कुठे?" हा प्रश्न आपोआप येई. खेळाडूला खेळाचे वेतन फारसे नव्हते, पण मस्टरवर नाव होते. दुपारी सरावाला सुटी, महिनाअखेर पगार आणि अठ्ठावन्नाव्या-साठाव्या वर्षी फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन. ही पेन्शन कारकुनाची होती, खेळाडूची नव्हती. कारकून म्हणून जिवंत राहायचे आणि खेळाडू म्हणून मिरवायचे, अशी ती व्यवस्था. तिला नावे ठेवू नयेत. हजारो घरे तिने तारली. पण त्या मस्टरवर नाव लागायला शिक्षण लागे, ओळख लागे, शहर लागे. दीड एकरवाल्याचा नववी नापास पोरगा त्यात कुठे बसणार?

तिसरा शब्द बिदागी. म्हणजे कुणीतरी खूश होऊन दिलेली एकरकमी थैली. इंग्लंडात काउंटीच्या व्यावसायिक खेळाडूसाठी निवृत्तीच्या सुमारास एक सामना खास लावायचा आणि त्याचे उत्पन्न त्याला द्यायचे ही जुनी रीत. केंट काउंटीच्या जेम्स सेमूर याला १९२० साली असा सामना मिळाला. सरकारने त्या पैशावर आयकर मागितला. खटला थेट लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला. १९२७ साली निकाल लागला की, ही रक्कम म्हणजे पगार नव्हे, लोकांनी प्रेमाने दिलेली भेट आहे, म्हणून कर नाही. सेमूर सुटला. पण निकालाची दुसरी बाजू पाहा. भेट आहे, म्हणजे हक्क नाही. पाऊस पडला, सामना बुडाला, तर म्हातारपणही बुडाले!

आपल्याकडे १९८३ चा विश्वचषक जिंकला तेव्हा क्रिकेट मंडळाकडे खेळाडूंना मोठे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. आजच्या मुलांना हे खरे वाटत नाही. मग दिल्लीत लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठेवला, त्यातून वीस लाख जमले आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाले. दीदींनी मानधन घेतले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधले एका सामन्याचे वेतनपत्रक मध्यंतरी सगळीकडे फिरत होते. सामन्याचे पंधराशे, भत्ता रोजचे दोनशे, तीन दिवसांचे मिळून एकवीसशे रुपये. जगज्जेत्यांचा पगार! शारजात १९८१ पासून अब्दुल रहमान बुखातीर यांनी सामने भरवून भारत-पाकिस्तानच्या जुन्या खेळाडूंना थैल्या दिल्या, त्यालाही लोक दुवा देत. ते योग्यच होते. पण थैली घेताना मान थोडी वाकवावी लागते, आणि ती कुणाला मिळायची, कुणाला नाही, हे देणारा ठरवतो.

इथे मला माझ्याच धंद्यातली एक आठवण सांगू द्या, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते कळेल. मला संस्कृत शिकवणारे गुरुजी निवृत्त झाले तेव्हा खाजगी शाळांतल्या शिक्षकांना पेन्शन नव्हती. शाळेने समारंभ केला, शाल-श्रीफळ दिले, फंडाची लहानशी रक्कम हाती ठेवली. भाषणे इतकी सुंदर झाली की गुरुजींच्या डोळ्यांना पाणी आले. चार वर्षांनी तेच गुरुजी सत्तराव्या वर्षाकडे झुकलेल्या वयात घरोघर फिरून शिकवण्या घेत होते. पुढे अनुदानित शाळांच्या शिक्षकांना पेन्शन लागू झाली ती १९६६ पासून. गुरुजी त्याआधीच सुटले होते. मी मात्र त्या पेन्शनीत बसलो. माझी विद्वत्ता गुरुजींच्या पासंगालाही पुरणार नाही. फरक एका तारखेचा!

आणि हे तारखांचे प्रकरणच सर्वोच्च न्यायालयात गेले होते. डी. एस. नकारा आणि भारत सरकार यांचा खटला. ३१ मार्च १९७९ या तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांना पेन्शनचे नवे, सुधारलेले सूत्र लागू नाही, असे सरकारने ठरवले होते. १७ डिसेंबर १९८२ रोजी यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही रेघ पुसून टाकली. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नाही. केलेल्या सेवेचा तो राखून ठेवलेला मोबदला आहे. म्हणून तर १७ डिसेंबरला आम्ही पेन्शनर दिन साजरा करतो. त्याच सुमारास खाशाबा निवृत्तीला आले होते, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

या कसोटीवर खेळाडूंची पेन्शन घासून पाहू. आज क्रिकेट मंडळ माजी खेळाडूंना दरमहा पैसे देते. २०२२ साली रक्कम वाढली. ज्यांना पंधरा हजार होते त्या प्रथम श्रेणीच्या खेळाडूंना तीस हजार झाले, जुन्या कसोटीपटूंना सदतीस हजार पाचशेचे साठ हजार, पन्नास हजारवाल्यांना सत्तर हजार. सुमारे नऊशे जणांना लाभ झाला. उत्तम झाले, मनापासून म्हणतो. मात्र मंडळाच्या कागदपत्रांत या रकमेला "मंथली ग्रॅटिस" असाही शब्द वापरलेला आढळतो. ग्रॅटिस म्हणजे मोबदल्याविना, कृपेने दिलेले. शब्दाचा मास्तर आहे मी. मला तो शब्द खुपतो. तीस-तीस सामने उन्हात धावलेल्या माणसाला दिलेला पैसा मोबदल्याविना कसा?

आणि रेघा आहेतच. किती सामने खेळलात? पंचवीस की चोवीस? २००३ च्या आधी थांबलात की नंतर? रेघेच्या अलीकडचा आत, पलीकडचा बाहेर. ही आपलीच खोड आहे असे नाही. माझा एक विद्यार्थी अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, त्याने बेसबॉलची हकिकत सांगितली. तिथे खेळाडूंची पेन्शन १९४७ पासून आहे, पण पूर्वी तिला चार वर्षांचा खेळ लागे. १९८० साली अट उतरवून त्रेचाळीस दिवसांवर आणली. मात्र ती पुढच्यांसाठी. आधी खेळून गेलेले, चार वर्षे न भरलेले शेकडो खेळाडू कोरडेच राहिले. २०११ साली त्यांना वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार डॉलर देण्याचे ठरले, पण तेही खेळाडू असेतो; त्याच्यामागे बायकोला काही नाही. एवढा श्रीमंत खेळ, एवढी बळकट संघटना, तरी तारखेची रेघ सुटली नाही.

रेघेच्या आत असूनही भागत नाही, हे २०२४ साली दिसले. बडोद्याचे अंशुमन गायकवाड, चाळीस कसोट्या खेळलेले, पुढे भारताचे प्रशिक्षक. २०१९ साली खेळाडूंच्या संघटनेने त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून मंडळाच्या शिखर समितीवर पाठवले होते. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांचा खर्च आवरेना तेव्हा कपिल देव यांनी मदतीचे आवाहन केले आणि आपली पेन्शन द्यायची तयारी दाखवली. मंडळाने एक कोटी रुपये मंजूर केले. ३१ जुलैला गायकवाड गेले. वेस्ट इंडीजच्या आग ओकणाऱ्या गोलंदाजांसमोर छाती करून उभा राहिलेला हा माणूस. जे इतरांसाठी भांडायला नेमले होते, त्यांच्यासाठीच मित्रांना झोळी पसरावी लागली. क्रिकेटची ही कथा, तर मग बाकीच्या खेळांचे काय बोलावे?

आणि दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वप्नील रेल्वेत तिकीट तपासनीस. राज्य सरकारने एक कोटी जाहीर केले, रेल्वेने बढती दिली, मिरवणूक झाली. मी दूरदर्शनसमोर बसून लहान मुलासारखा टाळ्या वाजवल्या. त्याला कुणाचे घर गहाण टाकावे लागणार नाही, आणि म्हातारपणी हात पसरावा लागणार नाही. १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडादिन म्हणून साजरा होतो. खूप झाले. सत्तर वर्षांत आपण इतके पुढे आलो हे मान्य केलेच पाहिजे.

पण पदकाच्या खालच्या पायरीवर कोण उभे असते? एक खाशाबा घडायला शंभर जोडीदार लागतात, ज्यांच्या छातीवर बसून तो डाव शिकतो. त्या शंभरांचे नाव कुठल्याच यादीत येत नाही. ते पदक जिंकत नाहीत, पंचवीस सामने भरत नाहीत, मस्टरवर लागत नाहीत. माझा नववी ब मधला विद्यार्थी त्या शंभरांतला. दहा-बारा वर्षे कोल्हापूरला राहिला, जिल्ह्यात नाव केले, जत्रांचे फड गाजवले. हजार-पाचशेच्या कुस्त्या, कधी चांदीची गदा. एकोणतिसाव्या वर्षी गुडघा गेला. ऑपरेशनला वडिलांनी बैलजोडी विकली. मग दीड एकर, दोन म्हशी आणि पीककर्ज.

हे त्याने मला त्या दिवशी बँकेच्या बाहेर चहा पिताना सांगितले. मी धीर करून विचारले, "तुझ्या वडिलांना मी तेव्हा 'जाऊ द्या' म्हणालो. राग येतो का रे माझा?"

त्याने बशीतला चहा संपवला. मिशी पुसली. म्हणाला, "राग कशाचा सर? बारा वरसं राजावानी खाल्लं-प्यालं, खासबागेत लोकांनी डोक्यावर घेतलं. ते कुनाला मिळतंय? पर तवाच कुनी सांगितलं आसतं की पैलवानकी तिशीला संपती, तर दहावी तरी काढून ठेवली आसती."

ते कुणी म्हणजे मीच होतो. मला माहीत नव्हते असेही नाही. फक्त गोष्ट तिथे रंगत नव्हती म्हणून मी सांगितली नाही.

म्हणून आता एक ठरवले आहे. आजही शेजारपाजारची मुले सुटीत माझ्याकडे गोष्ट ऐकायला बसतात. त्यातला एक शाळेच्या कबड्डी संघात आहे, दुसरी भालाफेक करते. त्यांना खाशाबा सांगताना मी बैलगाड्यांपाशी थांबत नाही. प्राचार्यांच्या सोडवलेल्या घरापाशीही थांबत नाही. पेन्शनसाठी घातलेल्या हेलपाट्यांपर्यंत जातो, १९८४ पर्यंत जातो, १९९४ पर्यंत जातो. मुले हिरमुसतील अशी भीती वाटत होती. तसे झाले नाही. भालाफेकवालीने विचारले, "आजोबा, मग त्यांनी भांडायचं कुणाशी?"

चांगला प्रश्न आहे. नकारा भांडले, त्यांच्यामागे पेन्शनरांच्या संघटना होत्या. आम्ही शिक्षक भांडलो. २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेले आमचे धाकटे भाऊबंद जुन्या पेन्शनसाठी २०२३ च्या मार्चमध्ये संपावर गेले, ते पाहून मला आपण किती नशिबाने रेघेच्या आत आलो हे पुन्हा कळले. पण जत्रेतल्या पैलवानाचा मालक कोण? ज्याने नारळ फोडून कुस्ती लावली तो, की ज्यांनी शिट्ट्या वाजवल्या ते आपण? मला वाटते, उत्तर दुसऱ्या बाजूला आहे. खेळ आपण पाहिला, छाती आपली फुगली, तर देणेही आपले लागते.

विद्यार्थ्याचा फोन नंबर घेतला आहे. वयस्क खेळाडूंसाठी शासनाचे मानधन असते, त्याच्या नियमात तो बसतो का ते पाहायचे आहे. जुनी प्रमाणपत्रे म्हशीच्या गोठ्यावरच्या माळ्यावर ट्रंकेत आहेत म्हणाला, उंदरांनी किती ठेवली ते बघावे लागेल. अर्ज मी लिहून देणार आहे. अक्षर अजून बरे आहे.

असो. माझा दाखला तर झाला. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मी हयात आहे, अशी सरकारदरबारी नोंद आहे.